शुक्रवारच्या तबकड्या आणि चेऊलकर

किस्सा घडतो तेव्हा एवढासा असतो. तो तिथेच मरायला हवा. पण आमच्या मंडळीतला कुणीतरी तो उचलतो, दुसऱ्याला सांगतो, दुसरा त्याला मीठमसाला लावतो, आणि वर्षभराने तो फिरून माझ्याकडे येतो तेव्हा मीच त्याला ओळखत नाही! हैफाचे असे पुष्कळ किस्से माझ्याकडे साठलेत. त्यातले निम्मे मी चारचौघांत हसून सांगतो. उरलेले निम्मे चेऊलकरचे आहेत. ते आजवर सांगितले नाहीत.

एक गोष्ट आधीच कबूल करतो, म्हणजे मध्येच कुणी बोट दाखवायला नको. मी चेऊलकरवर जळत होतो. थोडाथोडका नाही, चांगला जळत होतो. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण तो सज्जन होता. सज्जन माणसावर जळणं फार कष्टाचं काम आहे हो!

*

साल छप्पनच्या आगेमागे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू मंडळी, मुंबई-ठाण्याहून इस्राएलला येऊन हैफात स्थिरावत होतो. दिवसा मी बंदरावर संत्र्यांच्या पेट्या उचलायचो. पण महिन्यातून एकदा मी मोठा माणूस व्हायचो, कारण आमच्यातल्या पेणकरने एक मराठी पत्रक काढलं होतं. आठ पानांचं, सायक्लोस्टाइल. मराठी टाइपरायटर कुठला मिळणार? पेणकर सगळा मजकूर स्वतःच्या हाताने स्टेन्सिलवर कोरायचा. त्यात ‘नव्या तबकड्या’ हे सदर माझं. मुंबईत नवा चित्रपट लागला, त्याच्या संगीताच्या तबकड्या निघाल्या, की त्या ऐकून बरंवाईट लिहायचं.

मला हे काम का मिळालं? मी गिरगावात चार वर्षं तबकड्यांच्या दुकानात काउंटरवर होतो म्हणून. गिऱ्हाइकाने मागितलेली तबकडी फळीवरून काढायची, फुंकर मारायची, द्यायची. एवढ्यावर मी हैफातला संगीताचा सर्वांत मोठा जाणकार होतो. दोन वर्षं होतो. मग एलिया चेऊलकर आला.

आमची बैठक दर शुक्रवारी दुपारी हन्नामावशीच्या खोलीत भरायची. मावशी विधवा, बोलायला फटकळ, आणि खालच्या हैफात चालू ग्रामोफोन फक्त तिच्याकडे. त्या दिवशी नवी तबकडी लावली. मी डोळे मिटले, हात वर केला आणि म्हटलं, ‘‘ऐका! वीस व्हायोलिनं आहेत, वीस! काय भरणा आहे!’’

कोपऱ्यात नवा आलेला एक बारीक माणूस चहा फुंकत बसला होता. तो हळूच म्हणाला, ‘‘सहा.’’

‘‘तुम्हाला काय ठाऊक?’’

‘‘सातवा मी. पण रेकॉर्डिंगच्या दिवशी मला ताप होता, गेलोच नाही.’’

पुढच्या अंकात सदराला दोन लेखक झाले. एका पानावर मी, समोरच्या पानावर चेऊलकर.

*

आता आमची पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शुक्रवारी अर्धा दिवस काम. दोन वाजता तबकड्या सुरू. सूर्य मावळताना शब्बाथचा, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, दिवा लागायची वेळ झाली, की ग्रामोफोन बंद. शनिवारी वाजवायचं नाही आणि लिहायचंही नाही. लिहायचं ते शनिवारी संध्याकाळी, शब्बाथ गेल्यावर, आठवून आठवून. कारण रविवारी सकाळी पेणकर स्टेन्सिल घेऊन बसायचा.

याचा अर्थ काय? उन्हाळ्यात निघालेल्या चित्रपटाचं आम्ही सविस्तर परीक्षण करायचो आणि हिवाळ्यातल्याचं चार ओळींत उरकायचो. हिवाळ्यात चार वाजले की दिवस कलायचा! मुंबईच्या संगीतकारांना बिचाऱ्यांना कधी कळलं नसेल, पण हैफात त्यांची किंमत सूर्य ठरवायचा.

हन्नामावशी तर सेकंदाची गय करायची नाही. एकदा शेवटची तबकडी. पहिली बाजू झाली, दुसरी लावली, नुसती सुई टेकली आणि मावशीने उचलली.

‘‘मावशी, एकच मिनिट! मुखडा तरी!’’

‘‘मेल्या, तुझ्या मुखड्यापायी देवाला दारात उभा करू काय?’’

झालं. पण मी काय कच्चा आहे? दुसऱ्या बाजूचं लेबल मी वाचून ठेवलं होतं. द्वंद्वगीत! दोन्ही नावं मोठी. शनिवारी संध्याकाळी मी लिहिलं, ‘दोन्ही आवाज दुधात साखर विरघळावी तसे एकमेकांत मिसळले आहेत. स्त्रीस्वर किंचित पुढे हवा होता.’ चेऊलकरने समोरच्या पानावर लिहिलं, ‘दुसरी बाजू ऐकली नाही. शब्बाथ लागला.’

अंक निघाला. पुढच्या शुक्रवारी मावशीने मुद्दाम तीच बाजू आधी लावली. व्हायोलिन वाजलं, ड्रम वाजला, पुन्हा व्हायोलिन वाजलं. संपली! चित्रपटाच्या सुरुवातीला नावं दाखवतात ना, तेव्हाचं संगीत होतं ते. कारखान्यात लेबलं चुकून भलतीच चिकटली होती. साडेतीन मिनिटांत माणसाचा आवाज म्हणून नाही!

मावशीने सुई उचलली. मग मावशी म्हणाली, ‘‘बाई किंचित नाय रे, बरीच मागे राहिली!’’

आणि चेऊलकरच्या त्या दोन वाक्यांचं हैफाभर कौतुक. ‘काय प्रामाणिक लिहितो!’ अहो, ऐकलं नाही असं लिहायला काय लागतं? मी तर न ऐकता आठ ओळी लिहिल्या होत्या. मेहनत कुणाची जास्त?

*

लोकांचं एक वेळ सोडा. घरचं सांगतो.

माझी बायको रिबका. अंक आला, की आमच्या शिकूनमधल्या, म्हणजे सरकारी चाळीतल्या, तीन-चार बायका आमच्या स्वयंपाकघरात जमायच्या. त्यांना मराठी बोलायला यायचं, पण वाचायचा कंटाळा. मग रिबका मोठ्याने वाचून दाखवायची. पहिलं पान, लग्नाच्या बातम्या, आणि मग थेट चेऊलकर.

तो मेला लिहायचाही तसंच. ‘या गाण्यात क्लॅरिनेटवाला एकदा श्वास घ्यायला थांबतो. तेवढ्या जागेत सगळं गाणं आहे.’ रिबका हे वाचून वर बघायची. बायका ‘अगो बाई’ म्हणायच्या. मी पलीकडच्या खोलीत पेपर धरून बसलेलो असायचो. पेपर हिब्रू, मला वाचता यायचा नाही.

एकदा मला राहवलं नाही. बायका गेल्यावर विचारलं, ‘‘माझं वाचलंस का?’’

‘‘वाचलं की.’’

‘‘कसं होतं?’’

रिबका खोटं बोलत नाही. पण तिला कुणाचं मन मोडवतही नाही. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, ‘‘अक्षर फार छान होतं.’’

अहो, अक्षरसुद्धा पेणकरचं होतं!

त्या दिवसापासून मला दुसरं काही नको झालं. हैफाने मला नाही मानलं तरी चालेल. पण एकदा, एकदाच, माझं काहीतरी वाचताना रिबकाने तसं वर बघावं. बस्स.

*

हन्नामावशीच्या डोक्यावर एक जर्मन म्युझिक मास्तर राहायचे. पोरांना पियानो शिकवायचे. ग्रामोफोनचा आवाज झाला, की ते काठीने वरून जमीन ठोकायचे. एका शुक्रवारी ते स्वतःच खाली आले, लाल होऊन. आता भांडण होणार म्हणून आम्ही सरसावून बसलो.

चेऊलकर उठला. त्याला हिब्रू येत नव्हतं, जर्मन येत नव्हतं, इंग्रजी बेताचं. त्याने डावा हात हवेत धरला, उजव्या हाताने न दिसणारं व्हायोलिन वाजवलं आणि तबकडीकडे बोट केलं. मास्तर खुर्ची ओढून बसले! तबकडी दोनदा ऐकली. जाताना चेऊलकरचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. तेव्हापासून जिन्यात भेटले, की त्याच्यासाठी टोपी काढायचे. चेऊलकर सकाळी बेकरीत पाव भाजायचा, अंगावर पीठ घेऊन यायचा, तरी टोपी!

माझ्यासाठी कधी टोपी हलली नाही. मी म्हटलं, ओळख करून द्यायला हवी, त्यांना बिचाऱ्यांना माहीत नसेल. एक दिवस जिन्यात गाठलं. बंदरावरून येत होतो. छाती काढून इंग्रजीत म्हणालो, ‘‘सर, आय ॲम ऑल्सो म्युझिक. आय ॲम क्रिटिक.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं, पेट्यांच्या फळ्यांनी सोललेल्या. मग मायेने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, ‘‘सवलनूत.’’

सवलनूत म्हणजे धीर धरा. घरासाठी अर्ज करा, कामासाठी अर्ज करा, प्रत्येक खिडकीवरचा कारकून आम्हाला हेच ऐकवायचा. संगीतासाठीसुद्धा हाच शब्द आहे हे मला ठाऊक नव्हतं.

*

त्या हिवाळ्यात पेणकरने बातमी दिली. कागद मिळेनासा झालाय, आठाची सहा पानं होणार. पेसाहच्या सणानंतर ‘नव्या तबकड्या’ला एकच पान आणि एकच लेखक.

‘‘कोण?’’ मी विचारलं.

‘‘बघू,’’ पेणकर म्हणाला, आणि चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छ होता.

ते पान गेलं तर मी कोण? पेट्यावाला! आणि रिबकाच्या त्या नजरेचं काय? ती मिळवायला पान तर हवं!

मी ठरवलं, आता चेऊलकरच्या आधी तबकड्या मिळवायच्या. तबकड्या यायच्या त्या मुंबईहून नव्याने येणाऱ्या कुटुंबांबरोबर. इतर लोक नव्या माणसांना विचारायचे, आई बरी आहे का, थोरल्या काकांचं कसं आहे. आम्ही विचारायचो, कोणत्या चित्रपटाच्या आणल्यात? आमच्या ओळखीचं एक कुटुंब येत्या बुधवारी विमानाने लोदला उतरणार होतं. मी कामावर खाडा केला. दोन बस बदलून लोदला पोचलो, चार तास उभा राहिलो.

कुटुंब उतरलं. म्हातारीच्या काखेत गोधडीचं गाठोडं. मी ओळखलं! तबकड्या गोधडीतच आणतात, ट्रंकेत फुटतात.

‘‘आजी, द्या इकडे. जपून नेतो.’’

आजीने गाठोडं पुढे केलं. ‘‘बरं झालं बाबा आलास. सहा आहेत. मुंबईतच सांगून धाडलंय, एलिया चेऊलकरांच्याच हाती द्यायच्या. तू त्यांचा हमाल काय?’’

काय सांगणार? दोन बस बदलून, गाठोडं तान्ह्या पोरासारखं मांडीवर घेऊन, मी चेऊलकरच्या दारात हजर! त्याने एकेक तबकडी उजेडात धरून पाहिली. एकीलाही तडा नव्हता. मग तो मनापासून म्हणाला, ‘‘रोहेकर, नशीब तू होतास. दुसऱ्या कुणाच्या हातून फुटल्या असत्या.’’

गंमत म्हणजे मला बरं वाटलं. बसमध्ये बसल्यावर माझा मलाच राग आला.

*

आता शेवटचा.

पेसाहला महिना राहिला आणि चेऊलकरला कावीळ झाली. पिवळाधमक झाला. इस्पितळात नेलं. मला बातमी कळली तेव्हा मनात पहिला विचार आला, ‘पान माझं!’ दुसरा आला, ‘शी!’ पण पहिला पहिला आला हे मी लपवत नाही.

पेणकर धावत माझ्याकडे आला. मी तयारच होतो. म्हटलं, ‘‘काळजी नको. दोन्ही पानं मी लिहितो.’’

‘‘तेच सांगायला आलोय,’’ पेणकर म्हणाला. ‘‘तुझ्या पानावर तुझं. आणि चेऊलकरच्या पानावर, म्हणजे त्याचं नाव आधीच कोरून झालंय. स्टेन्सिल वाया घालवता येत नाही. तू लिही, पण त्याच्यासारखं लिही.’’

‘‘त्याला विचारलंस?’’

‘‘विचारलं. म्हणाला, रोहेकर लिहिणार असेल तर माझी काही हरकत नाही.’’

बघा! इथेही सज्जनपणा!

शुक्रवारी तबकड्या ऐकल्या. शनिवारी संध्याकाळी बसलो. माझं पान दहा मिनिटांत झालं. चेऊलकरचं होईना. क्लॅरिनेट कधी थांबलं, व्हायोलिनं किती, मला काय कळतं? दोन कागद फाडले. शेवटी म्हटलं, जाऊ दे. वाद्यं त्याची त्याला लखलाभ. नाव आपलं नाहीच, मग भीड कशाची? त्यातलं एक गाणं ऐकताना मला खरं जे वाटलं होतं ते लिहून टाकलं.

अंक निघाला आणि हैफात एकच गलका! हन्नामावशी म्हणाली, ‘‘दुखण्यात माणूस खरं बोलतो बघ. चेऊलकर असा कधी लिवला नव्हता.’’ बंदरावर एकाने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, ‘‘रोहेकर, राग मानू नकोस, पण जरा शीक त्याच्याकडून.’’ मी रात्रंदिवस जळत होतो. आणि या वेळी कुणावर जळतोय हेच धड ठरवता येईना!

पेणकर घरी आला, बसलासुद्धा नाही. दारातच म्हणाला, ‘‘लोकांची पत्रं आलीत. आता माझा नाइलाज आहे. पेसाहनंतर पान चेऊलकरचं.’’

‘‘अरे पण ते मी...’’

‘‘मला ठाऊक आहे. त्यांना नाही.’’

म्हणजे माझ्याच हाताने मी माझं पान त्याला देऊन बसलो होतो. मी आत जाऊन पेपर घेऊन बसलो.

पेसाहच्या साफसफाईत या वेळी अंकाचं वाचन लांबलं होतं; त्याच दुपारी बायका जमल्या. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. रिबकाच्या मांडीवर ठाण्याहून आणलेलं सूप, सुपात तांदूळ. निवडता निवडता तिने अंक उचलला. पहिलं पान वाचलं, लग्नं वाचली. मग नेहमीप्रमाणे माझं पान सोडलं आणि समोरचं चेऊलकरचं धरलं. मोठ्याने वाचायला लागली.

‘या तबकडीवरची बाई आपल्यासाठी गात नाही. ती स्वतःशी गुणगुणते आहे. तिच्या हाताखाली काम आहे. तांदळात खडा लागला की ओळ थांबते, खडा टाकला की पुढची ओळ निघते. मी पुष्कळ वर्षं ऐकतो आहे. कुणी ऐकतंय हे तिला कळलं तर ती गप्प होईल, म्हणून मी कधी...’

रिबका थांबली. पुढचं तिने मनात वाचलं. ओठ हलताना दिसत होते, आवाज नव्हता.

‘‘पुढे काय गो?’’ एका बाईने विचारलं.

‘‘काही नाही. संपलं.’’

संपलं नव्हतं. अजून सात ओळी होत्या. मी पेपर उंच धरला. उलटा धरला होता, ते नंतर कळलं.

बायका गेल्या. सूप बाजूला ठेवल्याचा आवाज आला. रिबका माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी पेपरातून डोकं काढलं नाही.

‘‘तुम्ही इस्पितळात जाणार ना उद्या, चेऊलकरांना बघायला?’’

‘‘जाईन. का?’’

‘‘माझा एक निरोप सांगा त्यांना.’’

‘‘काय?’’

‘‘म्हणावं, बरं व्हायची घाई करू नका.’’